सायकलचे जुने अलॉयचे भाग पुन्हा उजळवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सायकलचे क्रँक (पेडल जोडलेले दांडे), ब्रेक लिव्हर, हब (चाकाचा मधला तुंबा), स्टेम (हँडल धरणारा भाग) किंवा सीटपोस्ट (खोगिराचा दांडा) करडे पडले, की ते संपले असे समजून बदलून टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यांतले बरेचसे भाग आतून पूर्णपणे धडधाकट असतात आणि थोड्या कष्टाने ते मूळच्या झळाळीवर येऊ शकतात. मात्र घाईने हाती घेतलेला पॉलिश पेपर जितके सुधारतो त्याहून अधिक बिघडवू शकतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

अलॉय म्हणजे नेमका कोणता धातू, आणि त्याची चकाकी जाते कशी?

अलॉय म्हणजे खरे तर कोणताही मिश्रधातू, पण सायकलच्या बोलीत हा शब्द ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूसाठी रूढ झाला आहे. शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ असते. त्यात तांबे, मॅग्नेशियम, सिलिकॉन किंवा जस्त मिसळून आणि योग्य तापमानाला उष्णोपचार करून त्याला बळ दिले जाते. आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ मध्ये असे आढळले, की तांबे मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून झटकन थंड केले आणि काही दिवस तसेच ठेवले, तर ते आपोआप कडक होत जाते. ड्युरॅल्युमिन हा बळकट मिश्रधातू जन्माला आला तो या शोधातून. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर पोलादाची सुमारे ७.८, सायकलच्या भागांसाठी हा धातू का आवडता ठरला ते या दोन आकड्यांवरून कळते.

ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पारदर्शक थर तयार होतो आणि तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो. घामातले, समुद्राच्या हवेतले किंवा रस्त्यावर टाकलेले मीठ हा थर जागोजागी भेदते, तेथे बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी साचते. याशिवाय धूळ, बुटांचे घर्षण आणि वर्षांची हाताळणी यांमुळे पृष्ठभागावर असंख्य ओरखडे पडतात. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परत पाठवतो, खडबडीत पृष्ठभाग तो सगळीकडे विखुरतो. जुना भाग मंद दिसतो तो या विखुरण्यामुळे. पुढच्या सगळ्या कामाचा अर्थ एवढाच, की हे उंचसखल क्रमाक्रमाने इतके बारीक करायचे, की शेवटी ते डोळ्याला जाणवणारच नाही.

हातातला भाग अलॉयचाच आहे हे कसे ओळखावे?

प्रथम लोहचुंबक लावून पाहावा. तो चिकटला तर भाग पोलादाचा असून त्यावर बहुधा क्रोमचा मुलामा आहे, आणि क्रोमला येथे सांगितलेली घासणी अजिबात चालत नाही, कारण तो थर अत्यंत पातळ असतो. चुंबक चिकटला नाही म्हणजे भाग ॲल्युमिनियमचाच आहे असेही लगेच मानू नये. कांपान्योलो कंपनीचा १९६३ सालचा रेकॉर्ड डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हे याचे चांगले उदाहरण आहे : तो क्रोमचा मुलामा दिलेल्या कांस्याचा होता, आणि त्याची ॲल्युमिनियमची आवृत्ती नुओव्हो रेकॉर्ड या नावाने १९६७ मध्ये आली. अशा वेळी हातातले वजन आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलकेच केलेली खूण खरे सांगते. आतून पिवळसर धातू दिसला तर पॉलिश पेपर बाजूला ठेवावा.

ॲनोडायझिंग काय असते, आणि ते ओळखणे इतके महत्त्वाचे का?

या संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे असे माझे मत आहे, कारण फसलेल्या कामांपैकी बहुतेकांचे मूळ याच ठिकाणी सापडते. ॲल्युमिनियमचा भाग आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीजप्रवाह सोडला, की त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड वाढवता येतो. ही प्रक्रिया म्हणजे ॲनोडायझिंग. तिचा औद्योगिक वापर १९२३ मध्ये क्रोमिक आम्लाच्या साहाय्याने सागरी विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी सुरू झाला. पुढे गंधकाम्लाची पद्धत आली आणि तीच सर्वत्र रूढ झाली. सायकलच्या भागांवर हा थर साधारणपणे ५ ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि तो आतल्या धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड हे पॉलिश पेपरवरच्या कणांचेही द्रव्य आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या थरावर साधे मेटल पॉलिश का निष्प्रभ ठरते ते समजते.

ओळखण्याच्या दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली अशी, की पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे मेटल पॉलिश घेऊन भागाच्या मागच्या बाजूला अर्धा मिनिट चोळावे. फडके लगेच काळे झाले तर धातू उघडा आहे. फडके जवळजवळ स्वच्छ राहिले तर वर ॲनोडायझिंग किंवा रोगणाचा थर आहे. दुसरी कसोटी मल्टिमीटरची : रोध मोजण्याच्या स्थितीत दोन्ही टोके पृष्ठभागावर जवळजवळ, पण फार न दाबता टेकवावीत. उघडा धातू शून्याच्या आसपास रोध दाखवतो, तर ॲनोडायझिंगचा थर विद्युतरोधक असल्यामुळे मीटर हलत नाही. रोगणही विद्युतरोधकच असते. मात्र ते बहुधा ॲसिटोनने किंवा रंग काढण्याच्या द्रावणाने मऊ पडते, आणि ॲनोडायझिंगवर या द्रावकांचा काहीही परिणाम होत नाही.

ॲनोडायझिंग असेल तर ते काढून टाकावे का?

थर शाबूत असेल आणि केवळ मळलेला असेल, तर तो कदापि काढू नये. साबणाचे कोमट पाणी, मऊ ब्रश आणि शेवटी मेणाचा हात एवढ्याने असे भाग आश्चर्य वाटावे इतके उजळतात, आणि मूळ थर टिकून राहिल्यामुळे पुढची अनेक वर्षे त्यांना हात लावावा लागत नाही. एकदा काढलेला थर घरी परत आणता येत नाही आणि उघडे केलेले ॲल्युमिनियम कायम देखभाल मागते. संग्राहकसुद्धा किंचित झिजलेल्या मूळ पृष्ठभागाला आरशासारख्या नव्या चकाकीपेक्षा अधिक मान देतात, आणि माझाही कौल त्याच बाजूला आहे.

थर जागोजागी झिजून खालचा धातू दिसू लागला असेल, खोल ओरखडे पडले असतील किंवा थराखालून पांढरे डाग आले असतील, तेव्हा मात्र तो पूर्णपणे काढल्याशिवाय एकसारखी चकाकी येत नाही. अर्धवट थरावर घासत राहिले, तर मऊ उघडा धातू लवकर झिजतो, कठीण थर तसाच राहतो आणि पृष्ठभाग ढगाळलेला दिसू लागतो.

कामाची सुरुवात कोठून करावी?

भाग सायकलवरून पूर्ण सोडवण्यापासून. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. चौकोनी टोकाच्या अक्षावरचा क्रँक काढण्यासाठी पुलर (आट्यांत बसवून क्रँक ओढून काढणारे अवजार) लागतो आणि त्याचा व्यास तपासून घ्यावा लागतो : बहुसंख्य क्रँकचे आटे २२ मिलिमीटरचे असतात, पण जुन्या स्ट्राँगलाइट क्रँकचे २३.३५ आणि टीए कंपनीचे २३ मिलिमीटरचे असतात. त्यांत २२चा पुलर सैलसर बसतो आणि जोर लावताच मऊ आटे उखडून बाहेर येतात. उजळवायला घेतलेला क्रँक सोडवतानाच निकामी होणे यासारखे दुःख नाही.

ब्रेक कॅलिपरमधील स्प्रिंग, प्लास्टिकच्या चकत्या आणि पोलादी स्क्रू वेगळे करावेत, आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. त्यानंतर रॉकेलने किंवा डिग्रीझरने वंगणाचा शेवटचा अंशही काढावा, टूथब्रशने कोपरे साफ करावेत, साबणाच्या पाण्याने धुऊन भाग कोरडा करावा. मळ पूर्ण निघाल्याखेरीज पुढची पायरी, म्हणजे तडे शोधणे, शक्यच होत नाही.

तडे कोठे आणि कसे शोधावेत?

पोलादाला, ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी, थकवा येत नाही असे ढोबळमानाने म्हणता येते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. लहान ताणही लाखो वेळा आला तर शेवटी तडा जाऊ शकतो, आणि जुन्या भागाने किती ताण सोसला आहे हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. क्रँकमध्ये पेडलच्या भोकाभोवती, अक्षाच्या चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांशी, आणि चेनरिंग (साखळीचे पुढचे दातेरी चक्र) धरणारे फाटे मुख्य दांड्याला जेथे मिळतात त्या खाचेत, तडे बहुधा सुरू होतात. हँडलमध्ये स्टेमच्या पकडीच्या दोन्ही कडा, स्टेममध्ये पकडीच्या बोल्टजवळची फट आणि सीटपोस्टमध्ये खोगिराच्या पकडीखालचा भाग बारकाईने पाहावा.

भिंग आणि तिरका प्रकाश बहुतेक वेळा पुरेसे असतात. शंका राहिली तर जुन्या कारखान्यांत वापरली जाणारी तेल आणि खडूची युक्ती करून पाहावी : भागाला पातळ तेल लावून काही वेळ ठेवावे, फडक्याने पूर्ण कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची भुकटी पसरावी. तडा असेल तर त्यात शिरलेले तेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या भुकटीवर गडद रेघ उमटते. याच तत्त्वावरचे लाल रंगाचे तयार द्रव अधिक बारीक तडेही दाखवतात. ही तपासणी घासण्याच्या आधी करावी, कारण मऊ धातू घासताना तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तो झाकून टाकतो.

तडा आढळला तर तो घासून काढता येतो का?

नाही. तो भाग सायकलवर परत चढवू नये, आणि तो दुसऱ्याच्या हाती लागून वापरला जाणार नाही याचीही काळजी घ्यावी.

ॲनोडायझिंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा कसा वापरावा?

कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ऑक्साइडचा थर विरघळवतो. पण थर संपला की तो थांबत नाही, तसाच पुढे खालचा धातूही खाऊ लागतो. या अभिक्रियेत हायड्रोजन वायू निघतो आणि उष्णताही निर्माण होते. म्हणून हे काम उघड्यावर, ज्योत किंवा ठिणगीपासून दूर, पूर्ण बंद चष्मा आणि लांब रबरी हातमोजे घालूनच करावे. डोळ्यात गेलेला एक थेंबही कायमची इजा करू शकतो. जवळ भरपूर स्वच्छ पाणी ठेवावे, आणि मुले व पाळीव प्राणी त्या जागी फिरकणार नाहीत असे पाहावे.

एक लिटर थंड पाण्यासाठी सुमारे ५० ग्रॅम सोडा पुरतो. नेहमी पाण्यात सोडा थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी ओतल्यास ते उसळून अंगावर उडते. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे मुळीच नको. भाग तारेला बांधून बुडवावा. सुरुवातीला काही घडत नाही असे वाटते, मग एकाएकी संपूर्ण पृष्ठभागावर बुडबुडे सुटू लागतात : थर संपल्याची ती खूण. दर मिनिटाला भाग बाहेर काढून पाहावा आणि बुडबुडे सगळीकडे सारखे दिसू लागताच तो भरपूर पाण्याने धुवावा. वर उरलेली काळपट साय मिश्रधातूतील तांबे, सिलिकॉन वगैरे न विरघळलेल्या घटकांची असते आणि ती ब्रशने निघते.

माझ्या हातून एकदा ब्रेक लिव्हरची जोडी या द्रावणात गरजेपेक्षा बरीच जास्त वेळ राहिली. लिव्हर वाचले, पण त्यांच्या कडा बोथट झाल्या, पिनांची भोके सैल झाली आणि पुढे ब्रेक दाबताना जाणवणारी ती ढिलाई कधीच गेली नाही. तेव्हापासून आटे, पिनांची भोके आणि बेअरिंगच्या जागा असलेले भाग मी बुडवत नाही. त्यांवरचा थर पेपरने काढतो. जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रूही या द्रावणात घालू नयेत, कारण कॉस्टिक सोडा जस्तालाही विरघळवतो. वापरलेले द्रावण कोणत्याही आम्लाशी मिसळू नये. ते भरपूर पाण्याने पातळ करूनच सोडावे.

कोणत्या क्रमांकाचे पेपर, आणि कोणत्या क्रमाने?

पाण्यात भिजवून वापरण्याचा काळा वॉटर पेपर या कामासाठी योग्य आहे. खोल ओरखडे असतील तर ३२० किंवा ४०० पासून सुरुवात करावी आणि पुढे ६००, ८००, १०००, १५०० व २००० असे जावे. दोष हलके असतील तर थेट ८०० पासून सुरू करणे शहाणपणाचे. दोष निघेल असा सर्वांत बारीक पेपर हा नेहमी योग्य आरंभ होय, कारण त्याहून जाड पेपरने पाडलेला प्रत्येक ओरखडा नंतर आपल्यालाच काढावा लागतो. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घातले, की घासलेला धातू पेपरमध्ये अडकून बसत नाही.

बहुतेकांची चूक टप्पा लवकर सोडण्यात होते. ४००चे ओरखडे ६०० वर पूर्ण निघाले नाहीत तर ते २००० पर्यंत टिकून राहतात, आणि पॉलिश लावल्यावर चकचकीत पृष्ठभागात अधिकच ठळक दिसतात. यावर उपाय असा, की प्रत्येक नव्या क्रमांकाला घासण्याची दिशा काटकोनात बदलावी. आधीच्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी झाली म्हणजे तो टप्पा संपला. क्रमांक बदलताना भाग, हात आणि पाणी तिन्ही स्वच्छ करावेत, कारण जाड पेपरचा सुटलेला एक कणही अर्ध्या तासाची मेहनत वाया घालवतो. सपाट भागावर पेपरमागे रबराचा किंवा बुचाचा ठोकळा धरावा. नुसत्या बोटांनी घासल्यास पृष्ठभागावर लाटा उठतात आणि कडा गोल होतात. पहिल्या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो दिला की पुढचे टप्पे झपाट्याने उरकतात. एका क्रँकला हाताने तीन-चार तास लागले तर त्यात वावगे काहीच नाही.

हँडल, स्टेम आणि सीटपोस्ट यांना वेगळी काळजी का घ्यावी लागते?

हे भाग मोडले तर सावरण्याची संधी मिळत नाही, म्हणून. हँडलवर आडवा राहिलेला ओरखडा ताण एका रेषेत गोळा करतो आणि तड्याला वाट करून देतो. त्यामुळे या भागांवर दिशा बदलण्याचा वरचा नियम शेवटी मोडावा आणि अखेरचे सर्व हात लांबीच्या दिशेनेच फिरवावेत. हँडलवरची पट्टी काढल्यावर खाली घामाने खाल्लेले खोल खड्डे दिसले, तर ते घासत बसू नये, हँडल बदलावे.

सीटपोस्टचे व्यास ०.२ मिलिमीटरच्या फरकाने येतात : २६.८, २७.०, २७.२ असे. फ्रेममध्ये जाणारा भाग हौसेने घासून पातळ केला, तर तो नळीत घट्ट बसत नाही. जेवढा भाग फ्रेमच्या बाहेर दिसतो तेवढाच उजळवावा. हँडलचा पकडीतला मधला भाग, क्रँकचे चौकोनी भोक आणि बेअरिंग बसण्याच्या सगळ्या जागा यांनाही हाच नियम लागू आहे.

पॉलिश कोणते वापरावे?

ऑटोसोल, मदर्स यांसारखी नळीत किंवा डबीत मिळणारी दाट पॉलिश ॲल्युमिनियमवर उत्तम काम करतात. ब्रासोही चालते, पण ते पातळ असल्याने अधिक वेळा लावावे लागते. वाटाण्याएवढे पॉलिश जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर घेऊन लहान जागेत जोर देऊन चोळावे. फडके काळे होते ते निघालेल्या धातूच्या अतिसूक्ष्म कणांमुळे, आणि काही वेळ त्याच काळ्या लगद्याने चोळत राहणे फायद्याचे असते. तो सुकण्यापूर्वी स्वच्छ फडक्याने पुसावा आणि हा क्रम दोन-तीनदा करावा. गोल भागांना, विशेषतः सीटपोस्टला आणि हबला, फडक्याची लांब पट्टी गुंडाळून तिची दोन टोके आळीपाळीने ओढावीत. बुटांना पॉलिश करणारे जसे करतात तसेच.

यंत्रावर बफिंग केले तर?

वेळ वाचतो, पण चूकही तितक्याच वेगाने होते. बफ म्हणजे कापडी चाक; शिवलेल्या कडक चाकावर ट्रिपोली ही पॉलिशची तपकिरी वडी आणि नंतर सैल मऊ चाकावर अधिक बारीक पांढरी किंवा निळी वडी असा क्रम ठेवावा, आणि प्रत्येक वडीचे चाक कायम वेगळे ठेवावे. भाग चाकाच्या मध्यरेषेच्या खाली आणि त्याची कड चाकाच्या फिरण्याच्या दिशेने निसटेल अशी धरावी. चाकाच्या समोर आलेली कड किंवा भोक चाकात अडकते आणि भाग हातातून हिसकावून भिरकावला जातो. सैल बाह्या, मोकळे केस आणि सैल हातमोजे येथे धोकादायक आहेत. चष्मा आणि मास्क अनिवार्य आहे.

दोन गोष्टी फारशा कोणी सांगत नाहीत. ज्या ग्राइंडरवर पोलाद घासले जाते त्यावर ॲल्युमिनियम घासू नये, कारण ॲल्युमिनियमची बारीक धूळ ज्वालाग्राही असते आणि लोखंडाच्या गंजाबरोबर मिसळल्यावर ठिणगीने अतिशय प्रखर पेटू शकते. दुसरी गोष्ट उष्णतेची : ६०६१ सारख्या मिश्रधातूला कारखान्यात बळ मिळते ते शेवटी १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास ठेवून, त्यामुळे भाग भाजण्याइतका तापू देणे बरे नाही. उघड्या हाताला चटका बसू लागला की थांबावे आणि तो निवू द्यावा.

स्टील वूल किंवा तारेचा ब्रश चालेल का?

टाळावे. पोलादाचे तुटलेले बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्याच पावसानंतर तांबडे ठिपके देतात. आधी पोलादावर वापरलेला पॉलिश पेपरही याच कारणाने वर्ज्य आहे. त्याऐवजी नायलॉनची घासणी घ्यावी.

व्हिनेगर, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांचा उपयोग होतो का?

पातळ व्हिनेगर पांढरी भुकटी सैल करते, तेवढ्यापुरते ते ठीक आहे. लगेच धुऊन टाकावे. टूथपेस्ट फारच सौम्य असल्यामुळे वेळ जातो आणि पदरात काही पडत नाही. सोडा आणि विशेषतः भांडी धुण्याच्या यंत्रात घालायची भुकटी अल्कधर्मी असते. तिने ॲल्युमिनियम उलट करडे-काळे पडते. चांदीच्या कागदाने (ॲल्युमिनियम फॉइलने) घासण्याची प्रसिद्ध युक्ती गंजलेल्या क्रोमसाठी आहे, अलॉयसाठी नव्हे.

खड्डे पूर्ण घालवता येतात का?

खड्डा घालवायचा म्हणजे त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत सभोवतालचा सगळा धातू उतरवायचा. हबच्या कवचावरच्या उथळ खड्ड्यांसाठी हे परवडते. भार वाहणाऱ्या भागांवर परवडत नाही. लहान खड्डे स्वच्छ करून आहेत तसे राहू द्यावेत. चार हातांवरून ते दिसतही नाहीत.

आरशासारखी चकाकी आणावीच का?

हा आवडीचा भाग आहे, तरी माझे मत सांगतो. अनेक जुन्या भागांना कारखान्यातून निघतानाच आरशासारखी नव्हे तर रेशमासारखी मंद लकाकी होती, आणि तीच त्यांना शोभते. अशी लकाकी हवी असल्यास ८०० किंवा १००० वर थांबून बारीक नायलॉनच्या घासणीने एकाच दिशेने हलके हात फिरवावेत. हिचा मोठा फायदा असा, की पुढे पडणारे ओरखडे तीत मिसळून जातात आणि दुरुस्ती पाच मिनिटांत होते.

कोरलेली नावे आणि नक्षी कशी वाचवावी?

खोल कोरलेले नाव हलक्या हाताने घासल्यास टिकते, मात्र त्यावर बोट दाबून घासल्यास अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसू लागतात. तेथे ठोकळाच वापरावा आणि १००० पेक्षा जाड पेपर लावू नये. छापलेले किंवा लेझरने पृष्ठभागावर उमटवलेले चिन्ह एका हातातच नाहीसे होऊ शकते. ते जपायचे असेल तर त्यावर जाड चिकटपट्टी लावून तेवढा भाग अस्पर्श ठेवणे हाच मार्ग आहे. जुन्या क्रँकच्या मागे कोरलेली निर्मितीच्या वर्षाची खूण आणि लांबीचा आकडा यांना तर धक्काही लावू नये.

चाक न उकलता हब आणि रिम उजळवता येतात का?

हब येतो. आऱ्यांमधून फडक्याची पट्टी ओवून ती ओढत राहावे. वेळ लागतो, पण फळ चांगले मिळते. रिमच्या बाबतीत ब्रेकचे रबर ज्या कडेवर घासते ती कड घासून पातळ करू नये आणि तिला पॉलिश किंवा मेण लागू देऊ नये. चुकून लागलेच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावे, नाहीतर ब्रेक धरणार नाही. डिस्क ब्रेकच्या चकतीला पॉलिश कधीही लावू नये.

आणलेली चकाकी टिकवायची कशी?

उघडे ॲल्युमिनियम हळूहळू मंदावणारच. कोरड्या जागी वर्षभर टिकणारी चकाकी दमट, खाऱ्या हवेत काही आठवड्यांत उतरते. कार्नोबा मेणाचा पातळ हात देऊन दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा देणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. पारदर्शक रोगण सुरुवातीला सुंदर दिसते, पण दगडाचा एक टवका उडाला की ओल त्याखाली शिरते, रोगणाखाली धाग्यांसारखी पांढरी गंजरेषा पसरत जाते आणि मग सगळे रोगण काढून काम मुळापासून करावे लागते. क्वचित बाहेर निघणाऱ्या सायकलला रोगण चालेल. रोजच्या सायकलला मेणच बरे.

व्यावसायिक कारखान्याकडून पुन्हा ॲनोडायझिंग करून घेणे हा टिकाऊ पर्याय आहे. त्यापूर्वी चकाकी पूर्णत्वाला नेलेली असावी लागते, कारण हा थर दोष झाकत नाही. साच्यात ओतून घडवलेल्या, सिलिकॉन अधिक असलेल्या भागांवर तो गडद करडा येतो, हे आधीच ठाऊक असलेले बरे. पोलादाचे बूश किंवा खिळे बसवलेले भाग या द्रावणात देता येत नाहीत.

रंगीत ॲनोडायझिंग फिके पडले असेल तर?

उन्हाने उडालेला जांभळा किंवा लाल रंग पॉलिशने परत येत नाही. तो थर काढून रुपेरी करणे किंवा नव्याने रंगीत ॲनोडायझिंग करणे एवढेच दोन मार्ग आहेत.

भाग परत बसवताना काय पाहावे?

आट्यांत आणि भोकांत अडकलेले पॉलिश कोरड्या ब्रशने पूर्ण काढावे, कारण त्यातले कण बेअरिंगमध्ये गेले तर ते पुढे झीज करीत राहतात. ॲल्युमिनियम आणि पोलाद जेथे एकमेकांना लागतात, उदाहरणार्थ पेडलचे आटे, स्टेमची नळी आणि सीटपोस्ट, तेथे ग्रीसचा पातळ हात द्यावा. ओल मिळाल्यावर या दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ते एकमेकांत इतके घट्ट बसतात, की पुढच्या वेळी सुटतच नाहीत. क्रँकचे बोल्ट पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळून पाहावेत. ब्रेकचे रबर नव्या पॉलिशच्या हातांनी हाताळले असेल, तर ते बारीक पेपरवर एकदा घासून घ्यावे आणि रहदारीत जाण्यापूर्वी मोकळ्या जागी ब्रेक दाबून तपासावेत.